औषध देण्याआधी आपण विचारलेत, म्हणून

आदरणीय ताई,

सादर नमस्कार.

आपण वयाने माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी तरी लहान असाल. तरीही हे पत्र लिहायला बसल्यावर दुसरे कोणतेही संबोधन सुचले नाही, तेव्हा ते तसेच राहू द्यावे. गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास मंगळवार पेठेतील आपल्या औषधांच्या दुकानात ओली छत्री आणि भिजलेली चिठ्ठी घेऊन मी आले होते. दिवसभरात आपल्यासमोर शंभर चिठ्ठ्या येत असतील, त्यांतली माझी आपल्या लक्षात असण्याचे कारण नाही. आमच्या घरी मात्र त्या संध्याकाळची आठवण निघाल्यावाचून एक आठवडाही जात नाही. आभार तोंडी मानून झाले, पण त्या वेळी काउंटरवर गर्दी होती आणि मला नीट बोलताही आले नाही, म्हणून हे जाहीर पत्र.

चिठ्ठी माझ्या वडिलांची होती. त्यांचे वय ६९. तरुणपणी तालमीत घडलेले शरीर असल्यामुळे आजारपण हा आपला प्रांतच नव्हे, असा त्यांचा पक्का समज आहे. लघवीला जळजळ होत असल्याचे त्यांनी चार दिवस कोणालाही सांगितले नाही, आणि पाचव्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला तेव्हा घरातल्या शहाण्या माणसाने, म्हणजे मीच, कपाटातल्या बिस्किटांच्या जुन्या डब्यातून मागच्या दिवाळीत माझी दाढ काढली तेव्हाच्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या त्यांना बारा तासांच्या अंतराने दिल्या. ताप उतरला नाही. मग दवाखाना, लघवीची तपासणी, कल्चरसाठी, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीसाठी, नमुना आणि सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक ५०० मिलिग्रॅम, दिवसातून दोन वेळा, असा क्रम झाला. दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती, डॉक्टरांनी विचारले तेवढ्याचीच उत्तरे आम्ही दिली, आणि त्या दोन गोळ्यांचा उल्लेख मी केला नाही. विसरले असे लिहिले तर ते खोटे होईल. मला लाज वाटली होती.

आपण चिठ्ठी वाचलीत, गोळ्यांचे पाकीट काढलेत आणि ते माझ्या हातात न देता आपल्याच बाजूला ठेवलेत. मग विचारायला सुरुवात केलीत. रुग्णाचे वय किती, पूर्वी कोणत्या औषधाने अंगावर पित्त उठले होते का, चेहरा सुजला होता का, मूत्रपिंडाचा काही त्रास आहे का, रक्त पातळ करणारी किंवा दम्याची औषधे चालू आहेत का, आणि या तापासाठी याआधी काही घेतले आहे का. शेवटच्या प्रश्नाला मी अडखळले, हे आपल्या लगेच ध्यानात आले. कल्चरचा नमुना देण्याआधी अँटिबायोटिक पोटात गेलेले असेल तर जंतू असूनही ते तपासणीत वाढत नाहीत आणि अहवाल फसवा येऊ शकतो, त्यामुळे डॉक्टरांना हे कळलेच पाहिजे, असे आपण शांतपणे सांगितलेत आणि तिथूनच दवाखान्यात फोन करायला लावलात. आपल्या आवाजात रागाचा लवलेश नव्हता. रागावला असतात तर कदाचित मी पुढची माहितीही दडवली असती.

आणि पुढचीच माहिती अधिक महत्त्वाची ठरली. बाबांच्या रोजच्या गोळ्या कोणत्या, हे मला नावानिशी सांगता येईना. तेव्हा आपण घरी फोन करून आईला सगळ्या पाकिटांचे फोटो पाठवायला सांगितलेत. त्यांत मधुमेहाची ग्लिमेपिराइड होती, ती मला ठाऊक होती. पण पाठ धरली की बाबा अधूनमधून जी गोळी घेत, तिला आम्ही घरात नुसती ‘पाठीची गोळी’ म्हणत होतो. फोटो मोठा करून आपण तिच्यातले घटक वाचलेत आणि त्यातल्या टिझानिडीन या नावावर बोट ठेवलेत. स्नायू सैल करणारे हे औषध सिप्रोफ्लॉक्सासिनबरोबर मुळीच घ्यायचे नसते, कारण सिप्रोमुळे ते शरीरातून बाहेर पडण्याची क्रिया मंदावते, रक्तातले त्याचे प्रमाण कितीतरी पटींनी वाढते, रक्तदाब एकदम खाली येतो आणि माणूस गुंगीत जातो, हे आपण मला दोन वाक्यांत समजावलेत. तापाने बाबांचे अंग मोडून आले होते. त्या रात्री त्यांनी ती गोळी मागितली असती आणि आम्ही ती दिली असती, याविषयी मला आजही तिळमात्र शंका नाही. आपण स्वतः डॉक्टरांशी बोलून खात्री करून घेतलीत, पाठीची गोळी पूर्ण बंद ठेवायचे ठरले, आणि मगच पाकीट काउंटरवरून माझ्या बाजूला आले.

यानंतर दुधाचा विषय निघाला, तोही माझ्यामुळेच. ‘गोळ्या गरम पडतील, दुधाबरोबर देऊ ना?’ असे मी सहज विचारले. आपल्याकडे ही समजूत इतकी मुरलेली आहे की ती समजूत आहे, हेच कोणाच्या लक्षात येत नाही. त्यातून बाबा कोल्हापूरचे, तालमीतले. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर समोर धार काढलेले म्हशीचे फेसाळ, कोमट दूध संध्याकाळी उभ्याने प्यायल्याशिवाय त्यांचा दिवस मावळत नाही. दुधातले कॅल्शियम या औषधाला आतड्यातच धरून ठेवते, त्यामुळे गोळी पोटात जाते खरी, पण तिचा पुरेसा अंश रक्तात पोहोचत नाही, असे आपण सांगितलेत. लोहाच्या, कॅल्शियमच्या आणि झिंकच्या गोळ्या तसेच जळजळीवर घेतले जाणारे पातळ अँटासिड यांचेही तेच. गोळी घेतल्यावर किमान दोन तास यांपैकी काही घ्यायचे नाही, आणि आधी घेतले असेल तर सहा तास जाऊ द्यायचे.

दूध बंद करा, एवढे सांगूनही आपले काम झाले असते. पण आपण विचारलेत, ‘आजोबा उठतात किती वाजता आणि कट्ट्यावर जातात किती वाजता?’ ते पहाटे पाचला उठतात, हे कळल्यावर आपण बिलाच्या मागच्या बाजूला गोळीच्या वेळा लिहिल्यात: सकाळी सहा, संध्याकाळी सहा. सकाळी गोळी पेलाभर पाण्याबरोबर, चहा आठनंतर. संध्याकाळच्या गोळीनंतर दूध नऊच्या आधी नाही. दिवसभर पाणी भरपूर. त्याखाली ‘जोर-बैठका आठवडाभर बंद’ असे लिहून आपण त्याखाली दोन रेघा ओढल्यात. साठी ओलांडलेल्या माणसांत सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटातल्या औषधांमुळे स्नायू हाडाला जोडणाऱ्या कंडरा सुजण्याचा, क्वचित तुटण्याचाही धोका असतो. म्हणून टाचेच्या मागे किंवा खांद्यात दुखू लागले तर पुढची गोळी न घेता आधी डॉक्टरांना फोन करायचा, हे आपण मला दोनदा सांगितलेत. बाबांना सात दिवस दूध उशिरा मिळाल्याचे दुःख कमी आणि बैठका बंद झाल्याचे जास्त झाले. ‘त्या पोरीला सांग, खासबागेत कुस्त्या केल्यात म्हणावं मी,’ असा निरोपही त्यांनी दिला होता. तो मी त्या वेळी पोहोचवला नाही, आज पोहोचवते.

दुसऱ्या दिवशी दुपारी जे घडले ते थोडे सविस्तर लिहिते, कारण आपल्या त्या कागदाची खरी किंमत आम्हाला तेव्हा कळली. मी शाळेतून रजा घेऊन घरी होते. तोंडाला चव नसल्यामुळे बाबांनी सकाळी नेहमीची मधुमेहाची गोळी घेतली, पण न्याहारीला वाटीभर पेजच घेतली. साडेबाराच्या सुमारास ते खाटेवर उठून बसले, पांघरूण भिरकावले आणि पंखा का बंद केला म्हणून आईवर खेकसले. पंखा चालू होता. कपाळावर घामाचे मोठे थेंब होते आणि पाण्याचा तांब्या धरताना हात असा थरथरत होता की पाणी सदऱ्यावर सांडले. ताप उतरतो आहे, घाम येणारच, असे आई म्हणाली, आणि एरवी मीही तेच म्हटले असते. पण ग्लिमेपिराइडबरोबर हे अँटिबायोटिक घेताना साखर अचानक उतरू शकते, घाम, थरथर, चिडचिड झाली तर आधी बोट टोचून बघा, ही आपली ओळ फ्रीजवर चिकटवलेली होती. यंत्रावर ५८ आकडा आला. सत्तरच्या खाली साखर गेली तर काय करायचे, तेही आपण लिहून दिले होते. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून दिली, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहिले तेव्हा ९६ होते, आणि बाबा आईची समजूत काढत होते. डॉक्टरांनी फोनवर कोर्स संपेपर्यंत मधुमेहाच्या गोळीचे प्रमाण कमी केले. ती चूक कोणा एकाची होती असे मी म्हणणार नाही. पण त्या दुपारी आम्ही घामाला तापाचा घाम समजून त्यांना झोपू दिले असते तर पुढे काय झाले असते, हा विचार मी फार वेळ करू शकत नाही.

तिसऱ्या दिवशी ताप पूर्ण गेला आणि अपेक्षेप्रमाणे ‘आता बरं वाटाय लागलंय, कशाला उगंच गोळ्या खायाच्या’ हे सुरू झाले. यावर आपण मला आधीच उत्तर देऊन ठेवले होते: किती दिवस घ्यायच्या हे बरे वाटण्यावरून आपण ठरवायचे नाही आणि चार दिवस जास्त घेतल्या म्हणून अधिक बरे होत नाही. दिवस डॉक्टर ठरवतील, शंका असेल तर त्यांनाच विचारायचे. कल्चरचा अहवाल आला. सुदैवाने माझ्या दोन गोळ्यांनी तो बिघडवला नव्हता. सिप्रोफ्लॉक्सासिनपुढे ‘एस’ होता, म्हणजे जंतू त्याला दाद देत होते, आणि मी डब्यातून काढून दिलेल्या औषधापुढे ‘आर’ होता, म्हणजे त्या औषधाला ते जुमानत नव्हते. ते एक अक्षर मी बराच वेळ बघत राहिले. डॉक्टरांनी सात दिवस सांगितले आणि सातव्या दिवशी संध्याकाळी सहाला चौदावी गोळी घेऊन कोर्स पुरा झाला. मधे एकदा सकाळची गोळी राहिली होती. आठवण होताच ती दिली आणि संध्याकाळची नेहमीच्या वेळी दिली, दोन एकदम दिल्या नाहीत. तेही कागदावर होतेच.

एक प्रसंग आपल्यालाही आठवत असेल. मी आईच्या फोटोंची वाट पाहत थांबले असताना एक गृहस्थ आले आणि सर्दी-खोकल्यासाठी ‘जरा हाय पॉवरची’ गोळी द्या म्हणाले. चिठ्ठी नव्हती. आपण त्यांना पाकिटावरची उभी लाल रेघ दाखवलीत, ही रेघ असलेले औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देता येत नाही आणि साध्या सर्दीच्या विषाणूवर त्याचा काही उपयोगही नाही, असे सांगितलेत. ‘पलीकडच्या दुकानात मिळतंय की,’ असे म्हणून ते निघून गेले, आणि खरोखरच पलीकडे वळले. आपले गिऱ्हाईक तुटले. केंद्र सरकारने २०१६ साली या लाल रेघेची मोहीम काढली होती, त्याआधी १ मार्च २०१४ पासून काही निवडक अँटिबायोटिक्सच्या विक्रीची स्वतंत्र नोंदवही ठेवण्याचा नियमही आला, हे मी नंतर वाचले. इतकी वर्षे त्या पाकिटांवरची रेघ मी पाहत आले आणि ती छपाईची नक्षी असावी असे समजत आले, याची कबुली एका शिक्षिकेने द्यावी हे फारसे भूषणावह नाही.

माझ्या शेजारणीला हे सगळे सांगितले तेव्हा ती म्हणाली, ‘अगं, ते त्यांचं कामच आहे.’ असेल. पण काउंटरच्या अलीकडे उभे राहून मी आजवर जी औषधे घेतली, त्यांत मला सुट्टे आहेत का याखेरीज दुसरे काही कोणी विचारल्याचे स्मरत नाही. मागे माणसे खोळंबली असताना, एकाने दोनदा घड्याळ दाखवले असतानाही आपण एका अनोळखी म्हाताऱ्याच्या उठण्याची वेळ आणि दूध पिण्याची वेळ विचारत राहिलात. त्या विचारपुशीबद्दल मी, आई आणि बाबा आपले मनःपूर्वक आभार मानतो.

बिस्किटांचा तो डबा मी आपल्या सांगण्याप्रमाणे रिकामा केला. आता त्यात बटणे आहेत. बिलाच्या मागचा कागद अजून फ्रीजवरच आहे. गोळ्या संपल्यावर मी तो काढायला गेले तेव्हा आईने हात धरला. त्याखाली उरलेल्या जागेत तिने स्वतःच्या थायरॉइडच्या गोळीची वेळ लिहिली आहे आणि पुढे प्रश्नचिन्ह काढून ‘चहाआधी किती वेळ? ताईंना विचारणे’ असे लिहून ठेवले आहे. येत्या शनिवारी ती स्वतःच आपल्याकडे येणार आहे.

आपली कृतज्ञ,
एका रुग्णाची मुलगी
कोल्हापूर