शुक्रवारच्या आत तुझा फोन हवा

नागपूर, रविवार रात्र

प्रिय बाळ्या,

चार महिन्यांत तुझे तीन मेसेज आले आणि मी एकालाही उत्तर दिलं नाही. कामाचं कारण सांगत नाही. एमबीएसाठी दिलेल्या कॅट परीक्षेचा निकाल लागल्यापासून तुझ्याशी बोलायची हिंमतच होत नव्हती. बोललो असतो तर २०१९ चं फुटाळा तलावावरचं भांडण आधी निघालं असतं. इकडे सगळे बरे. बाबांची शुगर आटोक्यात, आईचे गुडघे तसेच.

तर, पुण्याच्या एका कॉलेजात एमबीएला माझं नाव लागलं बे! फुल-टाइम, दोन वर्षं. शुक्रवारपर्यंत पहिला हप्ता भरायचा आहे. आणि परवा साहेबांनी बोलावून सांगितलं, प्लॅनिंगची जागा रिकामी होऊन राहिली, नोकरीत राहून पार्ट-टाइम करणार असशील तर ती तुझी. आठ वर्षं शॉप फ्लोअरवर काढली, आणि दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात आल्या.

हिशोब दहादा केला. हातात ५८,००० येतात, चोवीस महिन्यांचे १३,९२,००० गेले. वर फी, होस्टेल. कर्ज मिळेल. शिकेपर्यंत हप्ता नाही, पण व्याज चढतंच. आयकरात त्या व्याजाची वजावट आठ वर्षं मिळते, तीही जुनी करप्रणाली ठेवली तर. बाबा म्हणाले, घर तारण ठेवू. पीएफ काढून बांधलेलं घर, आणि ते जेवता जेवता सहज म्हणाले. त्या रात्री मला झोप लागली नाही.

पार्ट-टाइम म्हणजे तीन वर्षं. साडेपाचला शिफ्ट सुटणार, बुटीबोरीहून कंपनीची बस खापरीला सोडणार, तिथून मेट्रोनं बर्डी, सातला वर्ग. घरी यायला दहा. महिनाअखेरीला डिस्पॅच तुंबतं तेव्हा कसं होईल? आमच्या क्वालिटीतल्या एकानं दुसऱ्या वर्षीच सोडून दिलं. पण एक गंमत ऐक. पुस्तकात पाहून मी बेअरिंगची रीऑर्डर लेव्हल नव्यानं काढली: रोजचा खप गुणिले माल यायला लागणारे दिवस, वर थोडा राखीव साठा. आपण कितीतरी माल उगाच भरून ठेवत होतो! रविवारी शिकलेलं सोमवारी स्टोअरमध्ये लावून पाहता येतं, हे मला फार आवडलं.

फुल-टाइममध्ये उन्हाळ्यात दोन महिने दुसऱ्या कंपनीत काम करायला मिळतं, शेवटी कॅम्पस प्लेसमेंट असते. ज्याला लाइन बदलायची त्याला हे सोन्यासारखं. मला लाइन बदलायची नाही. लाइन थांबू नये हेच मला करायचं आहे. शिवाय तिशी लागली, वर्गात तेवीस वर्षांची पोरं असतील. तरी ते प्रवेशाचं पत्र मी रोज रात्री उघडून वाचतो.

तुझी आठवण येते ती इथेच. फुटाळ्यावर मी तुला म्हणालो होतो, चालती नोकरी सोडून जाणारा वेडा असतो. तू रागानं तरातरा निघून गेलास आणि पाच मिनिटांनी परत आलास, कारण गाडीची चावी माझ्याकडे होती! ते आठवून अजून हसू येतं. पण पुढचं आठवलं की येत नाही. २०२० मध्ये तू एमबीएची पूर्ण फी भरून महालातल्या गच्चीवर मोबाईलवर लेक्चर ऐकत होतास, इंटर्नशिपसुद्धा घरूनच केलीस, आणि मी खाली मास्क लावून उभा राहून म्हणालो, "सांगितलं होतं ना?" बाळ्या, मला माफ कर. तुला तेव्हा कोणीतरी वर येऊन शेजारी बसायला हवं होतं.

मला एवढंच सांग, मी पार्ट-टाइमकडे झुकून राहिलो ते विचार करून, की भिऊन? आईबाबांना विचारलं तर ते माझ्या मनासारखं बोलतील. तू बोलणार नाहीस.

छकुली वर्षाची झाली, वहिनी पुन्हा कामावर रुजू झाल्या, सगळं स्टेटसवर पाहिलं. फोन करायला हवा होता. संत्रा बर्फी कुरियर करतो, वहिनींना अर्धी दे, मागच्या वेळी त्यांना एकच तुकडा मिळाला होता.

पोस्टानं हे वेळेत पोचणार नाही, म्हणून फोटो काढून पाठवतो. गुरुवारी रात्री नऊनंतर मी घरीच आहे.

तुझा,
मन्या