हिशेब जुळवून देणाऱ्यांचे आभार

सभासदांची वर्गणी, दिवाळीच्या फराळविक्रीतून उरलेले पैसे आणि हळदीकुंकवाला मिळणारी थोडी देणगी, एवढंच आमच्या महिला मंडळाचं उत्पन्न. तरी 31 मार्चला आर्थिक वर्ष संपलं की लेखापरीक्षण आलंच. यंदा नेमक्या खजिनदार आजारी पडल्या. तेव्हा ज्या ताईंनी रोज संध्याकाळी बसून कीर्द-खतावणी लिहिली, हरभराडाळीच्या पावतीपासून पासबुकापर्यंत नोंद न् नोंद ताडून पाहिली, आणि ज्या सनदी लेखापालांनी एक पैसाही न घेता ताळेबंद तपासला, त्या सर्वांनी ‘नाव नको’ असं बजावलंय. तो मान राखतो. पण बायकांच्या घामाच्या पैशाला तुम्ही इतकं जपलंत, हे जाहीर सांगायलाच हवं. फराळाचं सामान उधार देणारे किराणावाले काका, तुमचेही मनापासून आभार. तुमची उधारी चुकती झालीय.