सव्वा महिन्यातल्या सहा भेटी आणि दोन प्रश्न

महोदय,

दवाखान्यात बाळंतपण झाले की आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42व्या दिवशी बाळंतिणीच्या घरी जाते. बाळंतपण घरीच झाले असेल तर पहिल्या दिवसाची आणखी एक भेट. झोळीच्या काट्याने बाळाचे वजन, काखेत थर्मामीटर, नाळेची जागा, डोळे, कातडी. आईला ताप आहे का, अंगावरून किती जाते, दूध नीट उतरते का, हे सगळे तक्त्यात भरले जाते. घरी जाऊन नवजात बाळ सांभाळण्याची ही पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी उभी केली. 1999 मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि 2011 पासून ती देशभर राबवली जाते. या भेटींमध्ये बाळंतिणीच्या मनाची विचारपूस ठरवून व्हावी आणि ते काम उपकेंद्रातल्या प्रसाविकेकडे नेमून द्यावे, एवढ्यासाठी हे पत्र.

'प्रसाविका' हा शब्द एएनएमच्या हुद्द्यातच आहे: सहायक परिचारिका प्रसाविका. गावात तिला सिस्टर म्हणतात. गरोदरपणाच्या नोंदणीपासून बाळाच्या साडेतीन महिन्यांच्या लसीपर्यंत तीच त्या आईला पुन्हा पुन्हा भेटते. मानसोपचारतज्ज्ञ तर या वाटेवर कुठे लागतच नाही. आज तिचा बराचसा दिवस लसीकरण आणि रजिस्टरे यांत जातो आणि हुद्द्यातला शेवटचा शब्द मागे पडतो, हे आम्हाला खटकते.

पहिले काम ओळखण्याचे. तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास, म्हणजे घरात पाचवीची तयारी चालू असते तेव्हाच, दूध भरून येते आणि पुष्कळ बायकांना कारणाशिवाय रडू फुटते. मध्येच हसतात, चिडतात, पुन्हा डोळे भरतात. हा आजार नव्हे. झोप, जेवण आणि जवळचे माणूस मिळाले की दहा-बारा दिवसांत, बारशाच्या आसपास, ते ओसरते. बारसे होऊन गेले, दोन आठवडे उलटले आणि तरीही मन उठत नसेल, तर मात्र ते बाळंतपणानंतरचे नैराश्य असू शकते. आपल्याकडच्या बायका 'मी उदास आहे' असे क्वचितच म्हणतात. 'अंगात त्राण नाही', 'जीव घाबरतो', 'छातीत धडधडतं', 'कशात मनच लागत नाही', 'बाळ रडलं की कुठंतरी निघून जावंसं वाटतं' असे म्हणतात. पहिल्या तिन्ही तक्रारी रक्त कमी असल्यानेही होतात. म्हणून हिमोग्लोबिन आधी पाहावे, लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतरचे 180 दिवस चालू आहेत का ते विचारावे आणि शक्य असेल तिथे थायरॉईड तपासावे. पण रक्त कमी निघाले म्हणून मनाचे विचारायचे राहून गेले, असे होऊ नये. दोन्ही एकत्र असणे नेहमीचेच आहे.

तिसरा प्रकार म्हणजे बाळंतपणानंतरचा तीव्र मनोविकार (सायकोसिस). तो दर हजार बाळंतपणांमागे एक-दोन बायकांत दिसतो, पण त्यात तासांचा हिशेब असतो. बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत सुरू होतो. झोप उडते आणि झोपेची गरजही वाटेनाशी होते. बोलणे तुटक किंवा भराभर होते, संशय येतो, कानात आवाज येतात, 'हे माझं बाळ नाही, बदललंय' असे ती म्हणू लागते. सकाळी ठीक वाटते आणि संध्याकाळी ओळखू येत नाही, एवढा चढउतार असतो. घरच्यांना वाटते, 'बाहेरचं' काही झाले, आणि मोलाचे दोन-तीन दिवस देवऋषीकडे जातात. सिस्टरने तिथे श्रद्धेवर वाद घालू नये. दृष्ट काढायची असेल तर काढू द्यावी, पण 108ची गाडी त्याच दिवशी बोलवावी. तोवर आई आणि बाळ दोघांना एकटे सोडू नये. ज्या बाईला पूर्वी असा झटका येऊन गेला आहे किंवा जिला टोकाच्या चढउतारांचा मनोविकार आहे, तिची नोंद गरोदरपणातच करून बाळंतपणाच्या आधी मानसोपचारतज्ज्ञाशी गाठ घालून द्यावी.

आता विचारायचे कसे. साधी चाचपणी दोन प्रश्नांनी होते. 'गेल्या महिनाभरात मन सारखं खचल्यासारखं, सगळं संपल्यासारखं वाटलं का?' आणि 'जे करायला एरवी आवडतं, त्यातलं मन उडालंय का?' यातल्या एकाही प्रश्नाला 'हो' आले तर एडिनबरा प्रश्नावली घ्यावी. ती 1987 मध्ये स्कॉटलंडमध्ये तयार झाली. गेल्या सात दिवसांबद्दल दहा प्रश्न, प्रत्येकाला 0 ते 3, एकूण 30 गुण. साधारणपणे 13 किंवा जास्त गुण आले तर डॉक्टरांकडे पाठवायचे, 10 ते 12 आले तर दोन आठवड्यांनी पुन्हा विचारायचे. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. बाकीचे गुण कितीही कमी असोत, त्याला 'कधीच नाही' सोडून दुसरे काहीही उत्तर आले तर कारवाई त्याच दिवशी. विचारल्याने तिच्या डोक्यात तसला विचार शिरेल, ही भीती निराधार आहे. कोणीतरी विचारले याने बहुतेकींचा जीव हलका होतो.

हे फसते ते जागेमुळे. सासूबाई, नणंद आणि शेजारीण खाटेभोवती असताना 'कसं वाटतंय?' विचारले तर 'बरंय' याशिवाय उत्तर येणार नाही. बाळाला वजनासाठी ओसरीवर न्यावे, आशाताईने आजीला तिथेच बोलण्यात गुंतवावे आणि सिस्टरने टाके पाहण्यासाठी आत थांबून दार लोटावे. दहा मिनिटे पुरतात. प्रश्न छापील कागदावरून भराभर वाचले की उत्तरेही तशीच येतात. वाचता न येणाऱ्या बाईसमोर तर कागद काढूच नये. तिला मुलगी झाली आहे का, नवऱ्याचा हात उठतो का, दारू आहे का, हे तेव्हाच हळूच कळते. आणि जे कळले ते माता-बाल कार्डावर लिहू नये. कार्ड घरात सगळे वाचतात. कार्डावर फक्त पुढच्या भेटीची तारीख असावी, बाकीचे सिस्टरच्या वहीत.

एक फरक शिकवण्यात हमखास सुटतो. काही आयांच्या मनात 'बाळ हातातून पडेल', 'माझ्याच हातून त्याला सुरी लागेल' असे विचार पुन्हा पुन्हा येतात. त्या विचारांनी तीच हादरते, सुऱ्या लपवते, बाळाला आंघोळ घालायला घाबरते. ही चिंतेची तक्रार आहे, ती बाळाला इजा करायला निघालेली नाही. तिच्याकडून बाळ काढून घेतले तर भीतीवर शिक्कामोर्तब होते. विचार तिला पटत असतील, बाळच अशुभ आहे किंवा आपल्याला तसा हुकूम झाला आहे असे ती शांतपणे सांगत असेल, तर धोका खरा आहे.

हा प्रश्न मूठभर बायकांचा नाही. उत्तर गोव्यातल्या जिल्हा रुग्णालयात बाळंत झालेल्या स्त्रियांच्या 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सहा ते आठ आठवड्यांनी 23 टक्के मातांना नैराश्य होते. त्यांतल्या बहुतेकींना गरोदरपणातच त्रास सुरू झालेला होता. त्याच मातांची बाळे सहा महिन्यांची झाली तेव्हा नैराश्य असलेल्या आयांच्या बाळांत वजन कमी असण्याचे प्रमाण दुपटीहून जास्त आढळले. वजनकाटा आणि आईचे मन ही दोन खाती वेगळी नाहीत. पुढे गोव्यातच प्रशिक्षण दिलेल्या साध्या 'सखी' गरोदरपणापासून घरी जाऊन 6 ते 14 बैठकांत बोलत राहिल्या. सहा महिन्यांनी त्यांच्या गटात बऱ्या झालेल्या स्त्रिया जास्त होत्या.

आपल्याकडची सगळ्यात मोठी गळती मात्र माहेर आणि सासर यांच्या मधली आहे. पहिलटकरीण सातव्या-आठव्या महिन्यात ओटी भरून माहेरी जाते. तिची नोंदणी सासरच्या उपकेंद्रात, बाळंतपण माहेरच्या तालुक्यात, सहा भेटी माहेरच्या आशाताईच्या. सव्वा महिन्यानंतर किंवा तिसऱ्या महिन्यात ती बाळ घेऊन परत सासरी येते, म्हणजे नेमके नैराश्य ठळक दिसू लागते त्या काळात. आईचा हात सुटतो, रात्रीची जागरणे एकटीवर येतात, शेतीची किंवा कामाची घाई सुरू होते, आणि या गावच्या सिस्टरला आधीचे काहीच माहीत नसते. उपाय साधा आहे. माहेरच्या सिस्टरने 42व्या दिवसाच्या भेटीत परत जाण्याची तारीख विचारायची आणि त्या बाईच्या संमतीने सासरच्या सिस्टरला फोन करायचा. सासरी पोचल्यावर पंधरा दिवसांत एक भेट. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसीला आई येतेच. लस दिल्यावर अर्धा तास थांबायचे असते, त्या अर्ध्या तासात तेच दोन प्रश्न.

आता बाळाविषयी. नवजात बाळाला साधारण 20 ते 30 सेंटीमीटरवरचे सगळ्यात नीट दिसते. अंगावर पिताना आईचा चेहरा तेवढ्याच अंतरावर असतो. दीड महिन्याच्या सुमारास ते बघून हसते. आईने उत्तर दिले की पुन्हा हसते, हुंकार देते. अमेरिकेत 1970च्या दशकात मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी आयांना दोन-तीन मिनिटे चेहरा निर्विकार ठेवायला सांगितले. बाळांनी आधी हसून, हात हलवून आईला बोलावून पाहिले आणि मग मान फिरवली. आजारी आईकडून हे दिवसचे दिवस नकळत घडते. म्हणून 'फार गुणी बाळ, रडतच नाही' हे कौतुक ऐकले की सिस्टरने जरा थांबून पाहावे. बाळ डोळ्याला डोळा देते का, आवाजाकडे वळते का, आईच्या हातात अंग सैल सोडते का?

आपल्या घरांत मालिश बाई करते, आंघोळ तीच घालते, टाळू आजी भरते, शेक-शेगडीही दुसऱ्याच्या हाती. आईकडे उरते फक्त पाजणे, आणि दूध कमी पडल्याची टोचणीही तिलाच. त्यातले एखादे हलके काम, जसे अंग पुसून दुपट्यात गुंडाळणे, तिच्याकडे द्यायला सांगावे. उपदेश नको. सिस्टरने शेजारी बसून बाळाच्या वतीने बोलावे: 'बघ, तुझा आवाज आला तशी मान वळली.' बाळाने जांभई दिली, बोटे फाकली, तोंड फिरवले तर ते थकले आहे, आईवर रुसलेले नाही, हेही सांगावे. बाळ पेटीत ठेवले असेल तर आईला रोज नेऊन हात लावू द्यावा आणि डॉक्टरांनी परवानगी देताच कांगारू पद्धतीने छातीशी धरू द्यावे.

आणि रात्रीची सलग चार-पाच तास झोप. एका वेळचे काढून ठेवलेले दूध आजीने वाटी-चमच्याने पाजले तर ती मिळते. औषधांबद्दल ऐकीव गोष्टींवर घरचे एक तर गोळी बंद करतात, नाही तर अंगावर पाजणे. सरट्रालीनसारखे नैराश्यावरचे औषध दुधात फारच कमी उतरते, ते चालू असताना पाजता येते. मात्र कोणती गोळी घ्यायची वा थांबवायची, हे डॉक्टरच ठरवतील.

ज्या घरात बाळ दगावते, तिथे बाळासाठी आखलेल्या भेटीही थांबतात. पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध तरीही भरून येते. तिला घट्ट आधार देणारी चोळी, गार पाण्याच्या पट्ट्या आणि गरज पडेल तेवढेच दूध पिळणे हे सांगायला, आणि दोन प्रश्न विचारायला, सिस्टरने सहाही भेटी पूर्ण कराव्यात.

यासाठी आरोग्य विभागाने एएनएमना सरावासह प्रशिक्षण द्यावे, भेटींच्या तक्त्यात आईच्या मनाचा रकाना घालावा आणि वाढीव कामाचा मोबदला आशाताईंना द्यावा. प्रत्येक उपकेंद्राला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातल्या एका ठरलेल्या माणसाचा फोन हवा, नाही तर सिस्टर ओळखेल आणि पाठवायला जागा नसेल. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 नुसार उपचार घेणाऱ्या आईपासून तीन वर्षांखालील मूल सहसा तोडायचे नसते. बंगळुरूच्या निमहान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत आई आणि बाळ एकत्र राहतील असा कक्ष 2009 पासून आहे. पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी या चारही प्रादेशिक मनोरुग्णालयांत अशा निदान चार-पाच खाटा राखाव्यात.

तोपर्यंत 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येते. तो प्रत्येक लसीकरण केंद्राच्या भिंतीवर ठळक लिहावा, आणि सिस्टरने तो तिथेच त्या बाईच्या स्वतःच्या फोनमध्ये घालून द्यावा.

— प्रसूतिसेवा आणि परिचर्या शिक्षणात काम करणाऱ्या आम्ही काही जणी