यंदाची भाजी दोघांपुरती

तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

पाऊस गेला, भात कापणीला आलं, म्हणजे बाबांची कुदळ बाहेर निघाली असणार. ती चालायच्या आधी माझं थोडं ऐका. यंदा वाडीत जे लावायचं ते तुम्हा दोघांच्या ताटाकडे बघून लावू. गेल्या हिवाळ्यात लाल माठाचा अख्खा वाफा एकदम तयार झाला, आठवडाभर आळीत वाटप चाललं आणि पुढे महिनाभर भाजी रेवदंड्याच्या बाजारातून आली. वाटण्यात आईला सुख आहे हे मला कळतं. पण विहिरीचं पाणी बाबा ओढतात.

म्हणून माठ, मुळा, कोथिंबीर यांचे हातभर वाफे करा आणि दर पंधरा दिवसांनी एकेक पेरा. माठ महिन्याभरात खुडायला येतो, म्हणजे एक संपेस्तोवर दुसरा तयार. बी राखेत मिसळून टाका, दाट पडत नाही. धणे रगडून दोन फाडी करूनच पेरा. वांग्याची चार रोपं दोन माणसांना पुष्कळ झाली, दीड-दोन फुटांवर लावा. मिरची स्वयंपाकघराच्या दाराशी. अळू आहे तिथेच, न्हाणीच्या पाण्यावर. वानरं मिरची-अळवाच्या वाटेला फारशी जात नाहीत, टोमॅटो-काकडीला मात्र सोडत नाहीत. तेव्हा टोमॅटो यंदा राहू देत, बाजारात बारा महिने मिळतो. (भेंडीबद्दल मी बोलत नाही, बाबा ती लावणारच.)

खरी जागा द्यायची ती वालाला. भात निघालं की खाचरातल्या ओलीवर कडवे वाल येतात, वरून पाणी घालावं लागत नाही. आई, तुझ्या बरणीतलं बी काढ, दुकानातलं नको. वालाचं फूल बहुतेक आपल्याच परागावर फळतं, म्हणून तुझ्या आईकडचा वाल अजून तसाच उतरतो. दुधी-काकडीचं तसं नसतं, मधमाशी कुठल्या वाडीतला पराग आणेल सांगता येत नाही. त्यांचं बी दरवर्षी नवं घेतलं तरी चालेल. आणि पाकिटावर ‘संकरित’ लिहिलेल्या कशाचंच बी धरू नकोस, पुढच्या खेपेला फळ तसं येत नाही.

पांढऱ्या कांद्याचं रोप अलिबागजवळच्या खंडाळ्याहून मी आणते. भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून रस्त्याकडेला दिसेल तो पांढरा कांदा ‘अलिबागचा’ म्हणून विकतात, त्यापेक्षा घरच्या दोन-चार वेण्या पडवीत टांगलेल्या बऱ्या. थंडीत लावला की फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो, विहीर खाली जायच्या आत.

आता बाबांच्या गुडघ्यांचं. विहिरीजवळ जांभ्याचे चिरे रचून कंबरेएवढा एक चौथरा करू. रुंदी तीन फूट, म्हणजे दोन्ही बाजूंनी मधोमध हात पोचतो. तळाला नारळाची सोडणं उताणी घालायची, वर माती आणि कुजलेलं शेणखत. सोडणं ओल धरून ठेवतात, पाणी एक दिवसाआड घातलं तरी भागतं. कोथिंबीर, लसणाची पात, मुळा सगळं त्यावर, वाकायचं काम नाही. बाबा म्हणतील, जमिनीतली भाजी ती जमिनीतली. बाबा, मातीला कळत नाही ती किती उंचीवर आहे.

पानांवर मावा कीड दिसली तर लगेच औषधाच्या दुकानात जाऊ नका. लिटरभर पाण्याला पन्नास ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर भिजत घालून गाळा, चमचाभर साबणाचं पाणी मिसळा आणि संध्याकाळी फवारा.

भाऊबीजेच्या आदल्या दिवशी भाऊच्या धक्क्यावरून सकाळच्या बोटीने मी आणि हे येतोय. चिरे आम्ही उचलू, तुम्ही फक्त जागा आखून ठेवा. सोडणं मात्र चुलीत घालू नका, पोतंभर तरी लागतील. आणि पोपटीचं, वालाच्या शेंगा भाजायचं मडकं फुटलंय का ते बघून कळव, आई, म्हणजे येताना नवं घेते.

तुमची,
चिमी