चिऊचं औषध आधी

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

काल फोनवर बाबा म्हणाले, "दादाचं टीबीचं औषध सुरू झालंय ना, मग आम्हा धडधाकट माणसांना प्रतिबंधाच्या गोळ्या कशाला?" तेव्हा नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहिते.

निदान होईपर्यंत दादा खोकतच होता आणि लालबागच्या त्या एका खोलीत तुम्ही सगळे झोपत होतात. जंतू कुणाकुणाच्या अंगात गेले असणारच. जंतू गेले म्हणजे टीबी झाला असं नाही. अशा शंभरातल्या पाच ते दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी आजार होतो. पण ते कोण असतील याचा अंदाज बांधता येतो, आणि पहिली दोन वर्षं सगळ्यात धोक्याची.

चिऊ तीन वर्षांची आहे. पाचाच्या आतल्या मुलांत आजार लवकर बळावतो, कधी मेंदूच्या आवरणापर्यंत जातो. बीसीजीची लस टोचलीय म्हणून वहिनीने निर्धास्त राहू नये. तिला टीबी झालेला नाही हे डॉक्टरांनी पाहिलं, की अंगात जंतू आहेत का या चाचणीसाठी अडून न बसता औषध सुरू करा. तिच्या बाबतीत एक दिवसही घालवू नका, हात जोडून सांगते.

मग बाबा, तुम्ही. मधुमेहात टीबीचा धोका दोन-तीन पट असतो. तुम्हाला आठवड्यातून एकदा असा बारा आठवड्यांचा कोर्स दिला, तर त्यातल्या रिफापेंटिन या औषधामुळे तुमच्या साखरेच्या ग्लिमेपिराइड गोळीचा परिणाम कमी होऊ शकतो. साखरेच्या गोळ्यांची पट्टी सोबत न्या. लघवी केशरी झाली तर घाबरू नका. आणि सकाळचा तो खोकला डॉक्टरांपासून लपवू नका. आत टीबी असताना नुसत्या प्रतिबंधाच्या गोळ्या घेतल्या तर जंतू त्या औषधांना दाद देईनासे होतात. एक्स-रे काढाच.

आई, तुझा हिशेब वेगळा. वयाबरोबर या गोळ्यांचा यकृताला त्रास होण्याची शक्यता वाढते आणि तुला कावीळ होऊन गेलीय. आधी यकृताची तपासणी कर, अंगात जंतू आहेत का ते सांगणारी रक्ताची इग्रा चाचणी करून घे. डॉक्टर 'तुम्हाला नको' म्हणाले तर घरातले घेतात म्हणून तू घेऊ नकोस. वहिनीचंही डॉक्टरांना विचारा.

औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. सोमवारी सगळे एकत्र जा आणि दादाचा रिपोर्ट न्या. त्याचा टीबी नेहमीच्या औषधांना दाद देणारा आहे, तुमच्या गोळ्या त्यावरच ठरतील. संध्याकाळी मला फोन करा.

तुमची,
मनू