एवढंसं तर अंतर

प्रिय मनू,

काल फोन तू ठेवलास की आपोआप बंद पडला, ते मी विचारत नाही. बाबा म्हणाले, आता त्या विषयावर तिच्याशी बोलू नकोस. बोलत नाहीये. लिहितेय.

तू मोटारसायकल घेतलीस याबद्दल माझी काहीही तक्रार नाही, हे आधी नीट वाच. फोटो आल्यापासून बाबा तो भेटेल त्याला दाखवत सुटलेत. आत्याने तर आता हात जोडलेत. ‘आमची मनू गिअरची चालवते’ म्हणताना बाबांचा आवाज कसा होतो, ते तुला माहीत आहे. आजीला मात्र अजून सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस, वेळ बघून मी सांगेन.

माझं भांडण आहे ते तुझ्या एका वाक्याशी. ‘एवढंसं तर अंतर आहे आई, हेल्मेट आहे ना, बास. बाकीचं बघू नंतर.’ बाकीचं म्हणजे जॅकेट, हातमोजे, बूट, सगळंच.

तुला वाटेल, शिवणाच्या मशीनवर आयुष्य काढलेल्या बाईला यातलं काय कळतंय. म्हणून वाचायला बसले. दादाच्या मागे लागून लागून त्याच्याकडून काय काय मागवून घेतलं. अमेरिकेत हॅरी हर्ट नावाच्या संशोधकाने लॉस एंजेलिसच्या भागातल्या सुमारे ९०० मोटारसायकल अपघातांचा जागेवर जाऊन तपास केला होता. अहवाल १९८१ सालचा, म्हणजे जुना आहे, पण तुझं ते वाक्य जणू त्याच्यासाठीच केलेलं आहे. अपघात झालेले बहुतेक जण लांबच्या प्रवासाला निघालेले नव्हतेच. कुणी खरेदीला निघालेलं, कुणी मित्राकडे, कुणी असंच किरकोळ कामाला. आणि निघाल्यावर थोड्याच वेळात, निघाल्या जागेच्या जवळपासच घात झालेला. निम्म्या जणांचा अपघाताआधीचा वेग ताशी ४८ किलोमीटरच्या आत होता. तू ज्याला ‘मी हळूच चालवते’ म्हणतेस ना, तो वेग. दुसऱ्या गाडीशी जिथे धडक झाली, तिथे साधारण तीनातल्या दोन वेळा चूक त्या दुसऱ्याची होती, मोटारसायकल त्याला दिसलीच नव्हती. तुझ्या चालवण्यावर माझा विश्वास आहे. त्या दुसऱ्यावर कसा ठेवू?

झालं, सुरू झालं माझं. असू दे. जे मला खरंच कळतं त्याच्याकडे वळते.

जॅकेट घेशील तेव्हा पहिल्यांदा ते उलटं करून बघ. लोक कापड चोळून बघतात, जाडी बघतात. माणूस रस्त्यावर घसरत जातो तेव्हा कापडाच्या आधी शिवण उसवते आणि मग जाड कापडाचा काही उपयोग राहत नाही. कोपराजवळ आणि मुंढ्याला दुहेरी, तिहेरी टीप आहे का बघ. त्यातली निदान एक आत दडलेली हवी, बाहेरची रस्त्याला घासून जाणारच. युरोपात यासाठी ईएन १७०९२ नावाचं मानक आहे आणि त्यात शिवणीची ताकद वेगळी तपासतात. वाचून मला फार बरं वाटलं, कुणीतरी शहाण्या माणसाने बनवलंय ते. त्यात एएए, एए, ए, बी, सी असे वर्ग असतात. एएए सर्वांत टिकाऊ, पण जड आणि गरम. तुझ्या रोजच्या जाण्यायेण्याला एए मिळालं तर उत्तम, निदान ए हवं. बीमध्ये धक्का झेलणारे पॅड नसतात आणि सी म्हणजे नुसते पॅड धरून ठेवणारी जाळी, हे लक्षात ठेव. लेबल आतल्या बाजूला शिवलेलं असतं. दुकानदार तोंडाने सांगेल त्यावर जाऊ नकोस.

आणि पुरुषांच्या जॅकेटची सगळ्यात लहान साईज उचलून आणू नकोस, मनू. खांदे रुंद, कंबर सरळ, बाही ढगळ. बाही ढगळ असली की कोपराचं पॅड पडल्याबरोबर फिरून मनगटाकडे सरकतं आणि कोपर उघडं. बायकांच्या मापाचं शोध. घालून आरशासमोर उभी राहू नकोस, कपडे तसे बघायचे ते लग्नाला जाताना. गाडीवर बसतेस तशी बस, हात पुढे कर. बाही मनगटाच्या वर चढते का? पाठीमागून जॅकेट वर जातं का? आता दुसऱ्या हाताने कोपराचं पॅड धरून हलव, ते जागचं हलता कामा नये. पाठीचा खिसाही उघडून बघ. पुष्कळ जॅकेटांत तिथे नुसता फोमचा तुकडा असतो, आकार दिसावा म्हणून घातलेला. खऱ्या पॅडवर ईएन १६२१ छापलेलं असतं, सोबत लेव्हल १ किंवा २. पाठीच्या पॅडवर ठरलेला आघात करून पलीकडे किती जोर पोचतो ते मोजतात. लेव्हल १ मध्ये सरासरी १८ किलोन्यूटनपर्यंत चालतो, लेव्हल २ मध्ये फक्त ९. निम्मा. पाठीला लेव्हल २ घेच. तुझी पाठ मी तेल लावून लावून सरळ केलेली आहे.

हातमोज्यांचं तर बाबांनाच विचार. नाही, नको विचारूस, ते हसण्यावारी नेतील. तू बालवाडीत होतीस, तुला आठवणार नाही. वळणावर खडी होती, वेग काहीच नव्हता, गाडी आडवी झाली आणि माणूस करतो तेच त्यांनी केलं, दोन्ही हात पुढे टेकले. हाड कुठलंच मोडलं नाही. पण तळव्यांची कातडी गेली, आणि तळवे गेले की माणसाला काय काय करता येत नाही हे मी त्या महिन्यात पाहिलं. शर्टाची बटणं मी लावायची, दाढी बापूकाका करून द्यायचे. तू येऊन विचारायचीस, बाबा मला उचलत का नाहीत? ते तोंड फिरवून खिडकीकडे बघायचे. त्यांच्या डाव्या तळव्याची कातडी अजून थंडीत ओढते, तुला माहीत नसेल.

म्हणून हातमोजे असे घे की तळव्याच्या टाचेशी, मनगटाच्या जरा वर, कडक गुळगुळीत तुकडा असेल. हात जमिनीवर रुतण्याऐवजी घसरतो त्याने, मनगटातलं छोटं हाड वाचतं. मनगटाचा पट्टा घट्ट लागायला हवा. ओढून बघ, पट्टा लावलेला असताना मोजा निघून हातात आला तर तो नको. ईएन १३५९४ चं लेबल असेल तर छान. बोटं अर्धी उघडी असलेले अजिबात नकोत. दिसतात छान, मला माहीत आहे.

हेल्मेट तू घेतलंयस, पण पुन्हा तपास. जबडा झाकणारं पूर्ण हेल्मेट आहे की हनुवटीपुढचा भाग वर उचलायचं? उचलायचं असेल तर लेबलवर ‘पी’ हे अक्षर आहे का बघ. नुसतं ‘जे’ असेल तर हनुवटीपुढचा भाग संरक्षण म्हणून तपासलेलाच नाही. हेल्मेटच्या ईसीई मानकाची २२.०६ ही नवी आवृत्ती आहे, तिच्यात तिरपा फटका बसून डोक्याला पीळ बसतो त्याचीही चाचणी आहे, आधीच्या २२.०५ मध्ये ती अशी नव्हती. आता घालून मान हलव. हेल्मेटबरोबर गालांची कातडी हलली पाहिजे. हेल्मेट फिरलं आणि गाल जागेवर राहिले तर ते मोठं आहे. मग पट्टा लावून मागच्या कडेला धरून पुढे ओढ, निघालं तर परत कर. कपाळावर एकाच ठिकाणी रुतत असेल तर आकार तुझ्या डोक्याचा नाही, सवयीने बसेल असं म्हणू नकोस. आणि केसांचा अंबाडा घालून हेल्मेट चढवायचं नाही! खाली, मानेवर सैल वेणी. एकदा जोरात आपटलं की ते हेल्मेट संपलं, वरून कितीही चकचकीत दिसो. आतला फोम चेपूनच डोकं वाचवतो आणि चेपला की परत फुगत नाही. कुणाचं वापरलेलं घ्यायचं नाही ते याचसाठी.

रंग मात्र तू काळा घेतलास. घेतलास तर घेतलास. न्यूझीलंडमधला एक अभ्यास आहे, २००४ साली छापलेला. पांढरं हेल्मेट घालणाऱ्यांना काळं घालणाऱ्यांपेक्षा अपघातात जखमी होण्याचा धोका २४ टक्के कमी दिसला, आणि चकाकणारे किंवा भडक रंगाचे कपडे घालणाऱ्यांना ३७ टक्के. तुला तो पोपटी रंग आवडत नाही, शाळेच्या गॅदरिंगला मी शिवलेला पोपटी घागरा तू घातला नव्हतास तो नव्हताच. निदान चकाकणारी पट्टी असलेलं जॅकेट बघ.

बूट घोट्याच्या वर जाणारे, नाडी आत खोचता येईल असे. पँटचं तूच ठरव, पण साध्या जीन्सवर विसंबू नकोस, ती रस्त्यावर क्षणात फाटते. ऑफिसच्या कपड्यांवरून चढवायच्या पँट मिळतात, पूर्ण उंचीची चेन दोन्ही बाजूंना असलेल्या. बूट न काढता चढतात, उतरतात. रोजच्यासाठी मला त्याच शहाणपणाच्या वाटल्या.

कारण माझी खरी भीती वेगळी आहे आणि ती काल फोनवर मला नीट सांगता आली नाही. तू हे सगळं घेशील, मला माहीत आहे, तू माझं ऐकतेस, जरा उशिराने ऐकतेस इतकंच. पहिला महिना रोज घालशील. मग एक दिवस उकडत असेल, उशीर झालेला असेल, किंवा कोपऱ्यावरून औषध आणायचं असेल, आणि तू म्हणशील एवढंसं तर अंतर आहे. जॅकेट खुंटीला राहील. मला त्या दिवसाची भीती वाटते. महागातलं महाग जॅकेट खुंटीला असलं तर ते खुंटीचं रक्षण करतं.

म्हणून घेतानाच असं घे की ते घालायचा कंटाळा येणार नाही. उन्हाळ्यासाठी जाळीचं घे. हवा लागली की घाम वाळतो, त्रास सिग्नलला उभं असतानाच काय तो. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये मोटोकॅप नावाचा उपक्रम २०१८ पासून रायडिंगचे कपडे स्वतः विकत घेऊन तपासतो, आणि तिथे संरक्षणाचे तारे वेगळे देतात, घाम बाहेर जाऊ देण्याचे वेगळे. दोन्ही बघ. पावसासाठी आतून अस्तर लावायचं जॅकेट असेल तर बाहेरचं कापड पाणी पितं, जड होतं, दुसऱ्या दिवशी ओलंच. त्यापेक्षा वरून घालायचा सुटा रेनसूट बरा. ऑफिसात कपडे ठेवायला जागा कुठे आहे ते आधी विचार. साधी गोष्ट वाटते, पण जागा नसली की माणूस घालायचं सोडतो. पॅड काढून जॅकेट धुता येतं, हेल्मेटचं अस्तरही निघतं. वास यायला लागला की तू घालणार नाहीस, तुझा स्वभाव मला माहीत आहे.

सगळं एकदम जमणार नाही हेही कळतं. तर आधी हातमोजे, मग जॅकेट, मग बूट, मग पँट. हातमोजे आधी का, ते वर लिहिलंय.

फार लिहिलं. सांगायचं थोडंच होतं. तू सायकल शिकत होतीस तेव्हा तुझ्या प्रत्येक पँटच्या गुडघ्याला मी आतून जाड कापडाचा दुसरा थर टिपून द्यायचे, तुला कळू न देता, कारण कळलं असतं तर तू ती घातली नसतीस. तेव्हा आपल्याला पॅड वगैरे कुठे माहीत होते. तू पडायचीस आणि उठून आधी सायकल बघायचीस, गुडघा नंतर. मी गॅलरीतून बघायचे आणि खाली यायचे नाही. खाली आले असते तर तू चिडली असतीस. काल फोनवर मात्र मी खाली आलेच. रागावू नकोस.

आता काम. टेप घे, मैत्रिणीला मदतीला घे. छाती, कंबर, नितंब ही मापं नेहमीसारखी, पण बाहीचं माप कोपर वाकवून, मानेच्या मणक्यापासून खांद्यावरून कोपरावरून मनगटापर्यंत. सरळ हाताचं माप मला नको, ते दोन-तीन बोटं कमी भरतं. डोक्याचं भुवयांच्या जरा वरून, गोल. तळव्याचं अंगठा सोडून, सगळ्यात रुंद जागी. सगळं सेंटिमीटरमध्ये लिही आणि मला पाठव. तू निवडलेल्या जॅकेटचा मापांचा तक्ताही पाठव, आतल्या शिवणींचे फोटो काढता आले तर तेही, कोपराचा आणि मुंढ्याचा जवळून. ऑर्डर मी बघितल्याशिवाय करू नकोस.

बाबा विचारतायत, गाडी अ‍ॅव्हरेज किती देते. त्यांना वेगळं कळव, ह्यातच लिहिलंस तर माझी मापं राहून जातील.

तुझी,
आई