यंत्राच्या अलीकडे, यंत्राच्या पलीकडे: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री,
स.न.वि.वि.

कर्करोगासाठी डीएनए सिक्वेन्सिंगची (गाठीच्या डीएनएतली अक्षरे वाचून त्यातले बदल शोधण्याची) सोय करायची म्हटले की पहिली निविदा सिक्वेन्सरची निघते. यंत्र लागतेच. पण रोज हे काम करणाऱ्यांना विचाराल, तर तपासणी फसते ती बहुतेक वेळा यंत्राच्या अलीकडे किंवा पलीकडे.

अलीकडचे आधी. गाठीचा तुकडा काढल्यावर तासाभरात फॉर्मॅलिनमध्ये (तुकडा टिकवणाऱ्या द्रावणात) जायला हवा. ते 10 टक्के, न्यूट्रल बफर्ड (आम्लता वाढू न देणारे) आणि तुकड्याच्या किमान दहापट हवे. तुकडा 6 तासांच्या आत बाहेर काढला तर फॉर्मॅलिन आतवर मुरत नाही. शनिवारी सकाळी टाकलेला नमुना सुट्टीमुळे मंगळवारी दुपारी निघाला की 72 तास उलटलेले असतात आणि डीएनएचे तुकडे पडलेले असतात. बफर नसलेले फॉर्मॅलिन आम्लधर्मी होत जाते, तेव्हा हे आणखी बिघडते. शिवाय फॉर्मॅलिनने डीएनएतल्या सायटोसिन या अक्षराचे युरॅसिल होते, यंत्र ते थायमिन हे दुसरे अक्षर म्हणून वाचते आणि गाठीत नसलेले म्युटेशन (डीएनएतला बदल) रिपोर्टात उमटते. युरॅसिल काढणाऱ्या एन्झाइमने हे बरेच आवरते. मात्र मिथाइल हा रासायनिक गट लागलेल्या सायटोसिनचे थेट थायमिनच होते, तिथे एन्झाइमचे काही चालत नाही. हाडातल्या नमुन्याचे तर विचारू नका: कॅल्शियम काढायला तीव्र आम्ल वापरले की डीएनए गेलाच म्हणायचा. ईडीटीए या सौम्य रसायनाला वेळ लागतो, पण डीएनए वाचतो.

मग येतो मात्रेचा हिशेब, जो निविदेत कुठेच नसतो. एका पेशीत जीनोमच्या (संपूर्ण डीएनए संचाच्या) दोन प्रती मिळून साधारण 6.6 पिकोग्रॅम डीएनए असतो, म्हणजे 10 नॅनोग्रॅममध्ये जीनोमच्या जेमतेम 3,000 प्रती. 1 नॅनोग्रॅमवर 5,000 डेप्थ (एकच जागा किती वेळा वाचली तो आकडा) मिरवणारा रिपोर्ट त्याच तीनशे प्रती पुन्हा पुन्हा वाचत असतो. मूळ रेणूंना आधी बारकोड (ओळख पटवणारे छोटे डीएनए तुकडे) लावले असतील तरच खरी संख्या कळते. मोजणीही फ्लुओरोमीटरवर (डीएनएला चिकटणाऱ्या रंगाची चमक मोजणाऱ्या उपकरणावर) व्हावी, कारण 260 नॅनोमीटरच्या प्रकाशशोषणावर आरएनएसुद्धा डीएनएतच धरला जातो.

ब्लॉकमध्ये (मेणात बसवलेल्या तुकड्यात) गाठीच्या पेशी 20 टक्के असतील, तर जनुकाच्या दोनपैकी एका प्रतीतले म्युटेशन सुमारे 10 टक्के रीडमध्ये (यंत्राने वाचलेल्या डीएनए तुकड्यांत) दिसेल. जन्मजात दोषांच्या तपासणीला पुरणारी 30 ची डेप्थ इथे घेतली, तर ते झाले तीन रीड. तीन रीडवर औषध कोण सुरू करणार? म्हणून डेप्थ शेकड्यांत लागते. पॅथॉलॉजिस्टने स्लाइडवर गाठीचा भाग आखून द्यावा आणि तेवढाच खरवडून घ्यावा, तेही याचसाठी.

आता पलीकडचे. 'म्युटेशन आढळले नाही' हे आमच्या मते रिपोर्टातले सर्वात धोक्याचे वाक्य. फुप्फुसाच्या कर्करोगात ईजीएफआर या जनुकाचा एक्झॉन 19 हा भाग नीट वाचला आणि डिलीशन (डीएनएचा तुकडा गळणे) नव्हते, ही एक गोष्ट. तिथे पुरेसे रीडच मिळाले नाहीत, ही वेगळी. दुसऱ्या रुग्णाला पुन्हा नमुना द्यायला सांगायला हवे, पण रिपोर्ट दोघांचा सारखाच छापला जातो आणि उपयोगी पडले असते ते औषध हुकते. एएलके या जनुकाच्या फ्यूजनचे (दुसऱ्या जनुकाशी जोडले जाण्याचे) तसेच: डीएनए पॅनेलमध्ये (तपासायच्या भागांच्या यादीत) जिथे जोड होतो तो इन्ट्रॉन (जनुकातला मधला भाग) नसेल तर ते सुटते, आरएनएवर सापडते.

संदर्भ जीनोमची (रुग्णाचा डीएनए ज्याच्याशी ताडतात त्या प्रमाण क्रमाची) आवृत्तीही न लिहिलेले रिपोर्ट येतात. बीआरएएफ जनुकाचे व्ही600ई हे म्युटेशन जीआरसीएच37 या आवृत्तीत 7 व्या गुणसूत्रावर 140453136 या स्थानी येते, जीआरसीएच38 मध्ये 140753336 वर. नुसत्या आकड्याचे पुढच्या प्रयोगशाळेने करायचे काय?

तेव्हा यंत्राच्या मंजुरीसोबत या अटी घाला. नमुना काढल्याची आणि फॉर्मॅलिनमध्ये टाकल्या-काढल्याची वेळ फॉर्मवर सक्तीने लिहिली जावी. ती नसेल तर प्रयोगशाळेने विचारावी. रिपोर्टात गाठीच्या पेशींचे प्रमाण, डीएनएची मात्रा, जीनोमची आवृत्ती आणि कमी डेप्थमुळे न तपासता आलेल्या भागांची यादी असावी. गाठीत बीआरसीए1 या जनुकाचे म्युटेशन निघाले तर ते जन्मजात आहे का, हे रक्ताच्या नमुन्यावर पाहावे. जन्मजात असेल तर प्रत्येक अपत्याला ते मिळण्याची शक्यता 50 टक्के असते, म्हणून समुपदेशकाचे पद प्रयोगशाळेच्या मंजुरीतच धरावे. आणि फास्टक्यू फाइली (यंत्राने वाचलेल्या रीडची कच्ची माहिती) जपायला साठवणुकीचा खर्च वेगळा द्यावा, कारण आज 'अर्थ अनिश्चित' म्हणून नोंदलेले म्युटेशन पुढे रोगकारक ठरले तर तो जुना रुग्ण शोधून त्याला कळवावे लागते.

आपले,
मॉलिक्युलर पॅथॉलॉजी व जीनोम विश्लेषणात काम करणारे